थापटणे कुणी तपासायचे?

हिंगोली जिल्ह्यात राहून मराठी शिकवणाऱ्याला एक कथा कधीच टाळता येत नाही. संतांचा मेळा जमला आहे, मुक्ताबाई गोरोबाकाकांना विचारतात की तुम्ही कुंभार, तेव्हा यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती ते सांगा. गोरोबा थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. सारे मुकाट्याने मार सोसतात, नामदेव मात्र कुरकुरतात. निर्णय होतो: हे मडके कच्चे. दुखावलेले नामदेव पुढे औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जातात, आणि महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या त्या वृद्धाकडून त्यांना उपदेश मिळतो. महिपतींनी 'भक्तविजया'त (१७६२) ही कथा सांगितली आहे. त्याआधीपासून ती नामदेवांच्या नावावरच्या अभंगांतून आणि कीर्तनांतून फिरत होती. नर्सी आमच्याच जिल्ह्यात, औंढा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे बी. ए.च्या वर्गात संतसाहित्याचा तास सुरू झाला की ही कथा मुलेच आम्हाला सांगतात.

आम्ही दोघे ही कथा वीसेक वर्षे शिकवत आलो. दोघांनीही तिचा ठरलेला अर्थ सांगितला: अहंकार, गुरूची आवश्यकता, सगुणाकडून निर्गुणाकडे. तो अर्थ चूक आहे असे आजही आम्हाला वाटत नाही. परंतु अलीकडे एका अगदीच वेगळ्या प्रांतातली हकिगत ऐकल्यापासून या कथेतली एक साधी गोष्ट आम्हाला सतावू लागली आहे. कथेत मडकी तपासली जातात. थापटणे कुणीही तपासत नाही.

ज्या वाचकांनी कुंभारवाडा जवळून पाहिला आहे त्यांना आणखी एक विसंगती जाणवेल. थापटणे हे मुळात मडके घडवण्याचे हत्यार. चाकावरून उतरलेल्या ओल्या मडक्याला ठोकून ठोकून आकार देण्यासाठी ते असते. भाजलेले मडके पारखायचे तर गिऱ्हाईक ते बोटाच्या पेराने वाजवून बघते. पक्के मडके खणखणते आणि कच्चे बद्द वाजते. म्हणजे कुंभाराच्या व्यवहारात जे वाजते ते पक्के. कथेत मात्र जो वाजला तो कच्चा ठरला आणि जे मुके राहिले ते पक्के ठरले. मोजणीचे चिन्हच उलटले आहे. कथाकाराला हे ठाऊक नसेल असे नाही. कदाचित त्याला नेमका हाच उलटा नियम सांगायचा असेल. आमची अडचण एवढीच की इतकी वर्षे हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता.

ज्या हकिगतीमुळे तो पडला ती आता सांगतो. विषय साहित्याचा नाही, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. त्यांचा एक जुना विद्यार्थी बाहेरगावच्या एका संस्थेत पदार्थविज्ञानावर संशोधन करतो. पिष्टापासून तयार केलेल्या पातळ पडद्याची ताठरता मोजण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि ते करायचे होते अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपवर. हे यंत्र १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी जगापुढे मांडले. नाव मायक्रोस्कोप असले तरी ते डोळ्याने पाहत नाही, चाचपून पाहते; आंधळ्याच्या काठीसारखे. केसाच्या जाडीएवढ्या लांबीची किंवा तिच्या दुपटीची एक पट्टी असते, तिचे एक टोक पक्के बसवलेले आणि दुसरे मोकळे. याला कँटिलिव्हर म्हणतात. मोकळ्या टोकाच्या खालच्या अंगाला एक सुई असते आणि तिच्या अग्राची त्रिज्या नवी असताना साधारण दहा नॅनोमीटर किंवा त्याहूनही कमी. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सुई नमुन्यावर टेकवून दाबली की पट्टी वाकते. पट्टीच्या पाठीवर लेसरचा झोत सोडलेला असतो. पट्टी वाकली की परावर्तित झोत सरकतो आणि प्रकाशसंवेदक त्या सरकण्याचे व्होल्ट सांगतो. या यंत्राच्या एका पद्धतीला इंग्रजीत टॅपिंग मोड असेच नाव आहे. थापटण्याची पद्धत! हे ऐकले तेव्हाच आम्ही खुर्ची पुढे ओढली.

यंत्र सांगते ते फक्त व्होल्ट. ताठरता ते सांगत नाही. व्होल्टपासून ताठरतेपर्यंत जायचे तर मध्ये तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर यंत्राबद्दलच काहीतरी ठाऊक असावे लागते. पहिली पायरी: एका व्होल्टला पट्टी किती नॅनोमीटर वाकते? त्यासाठी सुई नीलमणी किंवा काच अशा अतिशय कठीण पृष्ठभागावर दाबतात. तो पृष्ठभाग दबत नाही, म्हणून जेवढे दाबले तेवढी पट्टीच वाकली असे धरता येते. दुसरी पायरी: ती पट्टी स्वतः किती ताठ आहे? डबीवर आकडा छापलेला असतो, पण तो अंदाजाचा. पट्टीची ताठरता तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. जाडीत दहा टक्क्यांचा फरक पडला तर ताठरतेत तेहतीस टक्क्यांचा पडतो. तिसरी पायरी: सुईच्या अग्राचा आकार कसा आहे? कारण त्याच जोराने खिळा दाबला तर खोल जातो, अंगठा दाबला तर जात नाही. हाइनरिख हर्ट्झने १८८२ साली दोन लवचीक वस्तूंच्या स्पर्शाचे जे सूत्र दिले तेच आजही इथे वापरतात, आणि त्यात अग्राची त्रिज्या मांडावीच लागते.

या तिन्ही गोष्टी ठरवण्याच्या खटाटोपाला कॅलिब्रेशन म्हणतात. मराठीत अंशशोधन, अंशांकन असे शब्द सुचवलेले आढळतात. आम्हाला मात्र मोंढ्यातला शब्द अधिक जवळचा वाटतो. जुन्या दांडीतराजूची दोन पारडी मोकळी असतानाच एकीकडे कललेली असली, तर हलक्या बाजूला खडा किंवा खिळा टाकून ती समान करत; त्याला धडा करणे म्हणत. धडा न करता माल तोलणाऱ्या व्यापाऱ्याकडे शेतकरी हळद घालत नसे. 'धडा' या शब्दाचा दुसरा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, हा अर्थ मात्र इलेक्ट्रॉनिक काट्यांबरोबर मावळत चालला आहे.

दुसऱ्या पायरीबद्दल सरांनी सांगितलेली गोष्ट तर कवितेत शोभावी अशी आहे. पट्टी किती ताठ आहे हे शोधण्यासाठी तिला हातही लावावा लागत नाही. खोलीत जी उष्णता आहे तिच्यामुळे हवेचे रेणू आणि पट्टीतले अणू सतत हलत असतात, आणि त्या हलण्याने पट्टी आपोआप थरथरत राहते. पट्टी मऊ असेल तर थरथर मोठी, ताठ असेल तर लहान. खोलीचे तापमान ठाऊक असले की त्या थरथरीच्या वर्गाच्या सरासरीवरून पट्टीची ताठरता काढता येते. हटर आणि बेख्‌होफर यांनी १९९३ साली ही रीत दाखवली. मीटरला दशांश न्यूटन इतकी ताठरता असलेल्या पट्टीची ही थरथर नॅनोमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी भरते. मात्र यातही एक मेख आहे. ही थरथर मोजायची तर पुन्हा व्होल्टचे नॅनोमीटर करावे लागतात, म्हणजे पहिल्या पायरीवरची चूक दुसऱ्या पायरीवर येते, आणि इथे तिचा वर्ग होतो. तिथे दहा टक्के चुकलात तर इथे सुमारे वीस टक्के चुकता.

आता त्या विद्यार्थ्याची गोष्ट. त्याच्या पडद्याची ताठरता अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट येऊ लागली. पहिला संशय त्याने पडद्यावरच घेतला. जास्त वाळला असेल, कोपऱ्याशी जाड झाला असेल, मिश्रणात चूक झाली असेल. नवे पडदे केले, पुन्हा मोजले, आकडा तोच. आठवडा असा गेल्यावर प्रयोगशाळेतल्या एका जुन्या तंत्रज्ञाने त्याला सांगितले की तुझा पडदा बाजूला ठेव, पॉलिस्टायरीन लाव. पॉलिस्टायरीनची ताठरता सर्वांना ठाऊक आहे, साधारण दोन ते तीन गिगापास्कल. तोही जवळजवळ दुप्पट आला. म्हणजे नमुना निर्दोष होता, दोष मोजणाऱ्यात होता.

मग तपास सुरू झाला. लेसरचा झोत पट्टीवर नीट पडतो आहे का? पडत होता. व्होल्ट-नॅनोमीटरचे प्रमाण पुन्हा काढले, पहिल्यासारखेच निघाले. पट्टीची ताठरता थरथरीवरून पुन्हा काढली; तीही ठीक. उरली सुई. काटेरी पृष्ठभाग असलेल्या एका खास नमुन्यावरून ती फिरवली आणि उमटलेल्या आकृतीवरून अग्राचा आकार ताडला, तेव्हा ते झिजून त्याची त्रिज्या गृहीत धरल्याच्या चौपट झालेली दिसली. सूत्रात त्रिज्येचे वर्गमूळ येते. चारचे वर्गमूळ दोन, म्हणून उत्तर दुप्पट. बोथट सुई नमुन्यात कमी शिरते, आणि ती बोथट झाली आहे हे आपल्याला ठाऊक नसले की आपण म्हणतो, नमुनाच कठीण आहे.

आणि सुई झिजली कशाने? हा मुलगा काटेकोर. रोज सकाळी, आणि दिवसातून दोन-तीनदा, पहिल्या पायरीसाठी ती सुई नीलमण्यावर दाबत होता. यंत्राची शुद्धता राखण्यासाठी जे तो करत होता त्यानेच यंत्र बिघडले होते. उपाय अर्थातच आहेत. थरथरीची पायरी आधी उरकावी, कठीण पृष्ठभागावर अगदी हलके टेकवावे, जमल्यास ते काम शेवटी ठेवावे, सुईचा आकार मोजणीच्या आधी आणि नंतर असा दोनदा पाहावा. सेडर यांनी १९९९ साली दिलेल्या रीतीने पट्टीची लांबी, रुंदी आणि तिच्या कंपनाचे गुणधर्म यांवरून ताठरता काढली, तर कठीण पृष्ठभागाला न शिवताही पहिली पायरी उलट बाजूने गाठता येते.

एवढे ऐकल्यावर आमच्यापैकी एकाने सरांना विचारले, "सर, पण सगळे नीट केल्यावर तरी सगळ्यांचे उत्तर एक येते का?" सर हसले. म्हणाले, "मऊ वस्तूंच्या बाबतीत विचारूच नका." २०१८ साली 'नेचर मेथड्स'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या एकाच वाणाच्या पेशी वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी वेगवेगळ्या पद्धतींनी मोजल्या. लवचीकतेच्या आकड्यांत शंभर पटींहून अधिक अंतर पडले. पेशी त्याच होत्या. कुणी सुईने टोचले, कुणी मोठ्या गोळ्याने दाबले, कुणी हळू, कुणी झटक्यात. प्रत्येकाला वेगळी पेशी भेटली. म्हणून हे लोक आता नुसता आकडा छापत नाहीत. कोणती पट्टी, कोणते अग्र, किती खोल, किती वेगाने, कोणते सूत्र, हे सारे आकड्यासोबत लिहावे लागते.

आम्ही मराठीवाले हे कधी लिहितो? 'कथेचा पोत सैल आहे', 'भाषा कमावलेली नाही', 'अनुभव कच्चा राहिला आहे' ही वाक्ये आम्ही स्वतः लिहिली आहेत. किती खोल दाबून पाहिले, कोणत्या सुईने, त्या सुईचा शेवटचा तपास कधी झाला, यातले काहीही त्यांच्यासोबत लिहिलेले नाही. 'कच्चा' हा तर थेट गोरोबांच्या थापटण्याखालून आलेला शब्द.

यावर एक ठरलेला आक्षेप येईल, आणि तो आम्हाला मान्य आहे. साहित्याला गिगापास्कल नाहीत. ज्याची ताठरता सर्वांना मान्य आहे असे पॉलिस्टायरीन आमच्याकडे नाही. हे खरे असले तरी आम्ही जणू ते आहे असेच वागतो, ही खरी तक्रार. एक उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका परीक्षेत, कळमनुरी तालुक्यातल्या एका गावातून येणाऱ्या मुलीने निबंधाची सुरुवात अशी केली होती: 'आई भाकरी करायली. मी चुलीजवळ बसून पुस्तक वाचायले.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढून समासात लिहिले होते, 'वाक्य अपूर्ण'. ज्याच्या कानाला 'करायला' म्हणजे 'करण्यासाठी' एवढेच ठाऊक आहे त्याला हे वाक्य अर्धवट वाटणारच. भाकरी करायला काय? गेली? बसली? परंतु आमच्या भागात 'आई भाकरी करायली' हे संपूर्ण वाक्य आहे. क्रियापद आहे, काळ आहे, लिंगवचन आहे. 'करत आहे' या दोन शब्दांच्या जोडगोळीचे काम एकटे 'करायली' करते. परीक्षक महाशय अभ्यासू होते आणि त्यांची नियतही स्वच्छ होती. त्यांच्या तराजूचे एक पारडे मोकळे असतानाच खाली होते, एवढेच.

त्या मुलीने प्रमाण मराठी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. ती आम्ही शिकवतोच आणि शिकवणे आमचे काम आहे. 'परीक्षेत प्रमाण रूप अपेक्षित आहे' असे समासात लिहिले असते तर आम्हाला एका शब्दानेही तक्रार करता आली नसती. ते मोजपट्टीबद्दलचे विधान झाले असते. 'वाक्य अपूर्ण' हे मुलीबद्दलचे विधान आहे, आणि ते खोटे आहे. पुढे तिने त्याच पानावर 'काहून' लिहायचे सोडून दिले आणि निबंध संपेपर्यंत 'का बरे' असे लिहिले, असे मात्र नव्हे. उत्तरपत्रिका एकदाच लिहिली जाते. 'काहून' शेवटपर्यंत होता आणि रेघही शेवटपर्यंत होती.

तो निबंध आम्ही नावगाव झाकून, छायाप्रती काढून, ओळखीच्या काही अध्यापकांना दिला. हा प्रयोग शास्त्रीय म्हणण्याच्या लायकीचा नाही, तरी निष्पन्न काय झाले ते सांगायला हरकत नाही. दोघांनी त्याला उत्तीर्णही केले नाही. एकाने प्रथम श्रेणीचे गुण दिले आणि खाली लिहिले की चुलीच्या उजेडाचे वर्णन पुन्हा वाचावेसे वाटले. नापास करणाऱ्यांपैकी एक आमच्यातलाच होता. त्याला ही मुलगी कोण ते ठाऊक नव्हते, आणि त्या दिवशी त्याने तपासलेला तो कितवा कागद होता हेही त्याला आठवत नाही. तिनशे उत्तरपत्रिकांनंतर कोणत्याही सुईचे अग्र पहिल्यासारखे राहत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

नाव झाकून वाचायला देण्याची कल्पना आमची नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये तेरा कविता कवींची नावे न सांगता विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांची लेखी मते गोळा केली आणि १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' लिहिले. एम. ए.च्या वर्गात आपण त्या पुस्तकातून भाषेचे चार अर्थ आणि वाचनातले अडथळे यांची यादी शिकवतो. प्रश्नही त्यावरच येतो. मात्र रिचर्ड्‌स तिथे कविता मोजत नव्हते, वाचक मोजत होते, ही त्या पुस्तकातली खरी घडामोड. त्यानंतरच्या शतकभरात आपण कवितेच्या मोजणीची किती हत्यारे आयात केली त्याची गणती नाही. वाचकाच्या तपासणीचा तो प्रयोग मात्र बहुतेक विभागांत दुसऱ्यांदा झालेला नाही.

अणूंच्या जगातून आणखी एक गोष्ट उचलावीशी वाटते, आणि ती थोडी झोंबेल. नमुना पातळ असेल आणि काचेवर चिकटवलेला असेल, तर सुई फार खोल दाबायची नाही असा नियम आहे. जाडीच्या सुमारे दहा टक्क्यांपलीकडे गेले की नमुन्याऐवजी खालची काच लागू लागते. आकडा मोठा आणि ठाम येतो, पण तो काचेचा असतो. दलित आत्मकथनांवरचे अनेक प्रबंध वाचताना आम्हाला नेमके हे वाटते. संशोधक इतक्या जोराने दाबतो की मधले लेखन ओलांडून तो थेट समाजशास्त्राच्या काचेवर पोहोचतो, आणि मग जातिव्यवस्था, स्थलांतर, आरक्षण यांबद्दल पानेच्या पाने भक्कम विधाने करतो. ती विधाने खरी असतात. ती त्या पुस्तकाशिवायही खरी असती. वाक्य कुठे तुटले, लेखक कुठे हसला, कुठे मुद्दाम बोलला नाही, हे वरच्या दहा टक्क्यांत असते.

शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहून जुनी मोजपट्टी या साहित्याला लावता येणार नाही असे मांडले, ते योग्यच होते. अतिमऊ पट्टीने कठीण नमुना दाबला तर पट्टीच वाकते, नमुना हलतही नाही, आणि मोजणाऱ्याला वाटते की इथे काहीच नाही. नमुन्याच्या जोगी पट्टी निवडावी लागते. परंतु नवी पट्टीही डबीतून काढल्याबरोबर विश्वासू होत नाही, तिचाही धडा करावा लागतो. देशीवादाची पट्टी, स्त्रीवादाची पट्टी, आता पर्यावरणवादी समीक्षेची पट्टी. डबीवर छापलेला आकडा वाचून आपण कामाला लागतो.

औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने तत्त्वतः मान्यता दिली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, टोकांना आरसे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांनी पहिली लहर टिपली तेव्हा त्या चार किलोमीटरमध्ये पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. इतका लहान फरक मोजणारा आपल्या यंत्रावर विश्वास कसा ठेवतो, हे आम्ही सरांना विचारले. ठेवत नाही, असे उत्तर मिळाले. तिथे चाळीस किलोच्या आरशाला ठाऊक असलेल्या शक्तीच्या लेसरने मुद्दाम ढकलून बघतात; प्रकाशाचा दाब तो केवढा, पण तो नेमका ठाऊक असतो, आणि तेवढ्या ढकलण्याला यंत्र काय उत्तर देते ते पाहतात. त्याहूनही पुढचा प्रकार २०१० सालचा. सप्टेंबरमध्ये यंत्रांत एक खोटी लहर गुपचूप मिसळण्यात आली. मोजक्या माणसांखेरीज शेकडो शास्त्रज्ञांपैकी कुणालाही ते ठाऊक नव्हते. त्यांनी ती शोधली, सहा महिने तपासली, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला; मग २०११ च्या मार्चमध्ये भर सभेत पाकीट उघडून सांगण्यात आले की ही लहर आम्हीच टाकली होती. कुणी अपमान मानल्याचे ऐकिवात नाही. तेथे अशी परीक्षा देणे हा कामाचाच भाग.

नामदेवांच्या जिल्ह्यात हे यंत्र यावे हा योगायोग आम्हाला मोहवतो, हे कबूल केले पाहिजे. त्यावर भाषणे होतील तेव्हा होवोत. आमच्या मनात दुसरेच घोळते आहे. कच्चे ठरलेले नामदेव औंढ्याहून परतल्यावर कीर्तन करत पंजाबापर्यंत गेले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले ते त्यांच्याच पावलांमागे जाऊन. संप्रदाय म्हणेल की हे विसोबांच्या कृपेने घडले. असेलही. पण त्या मेळ्यात डोक्यावर थापटणे बसताच ज्याने 'हे काय चालवले आहे?' असे विचारले तो एकटाच होता, आणि पुढची सातशेहून अधिक वर्षे आपण तो प्रश्न त्याच्या कच्चेपणाचा पुरावा म्हणून शिकवला.

येत्या सत्रात आमच्या विभागातल्या अंतर्गत परीक्षेच्या गठ्ठ्यात आम्ही पाच जुन्या उत्तरपत्रिका नावे झाकून मिसळणार आहोत. त्यांचे मूळ गुण पाकिटात बंद असतील. कोणत्या पाच, ते भौतिकशास्त्राचे सर निवडतील. त्यांना मराठीतले काही कळत नाही असे ते स्वतःच म्हणतात. विभागातल्या एका ज्येष्ठ मॅडमनी याला विरोध केला आहे. शिक्षकाची परीक्षा घेणारे तुम्ही कोण, असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यांना पाकीट त्यांच्याच कपाटात ठेवायला दिले आहे.